चिंगीची बसकण

कारेगावच्या पलीकडं, कंपनीचा भोंगा ऐकू येतो तिथवर, रविराज शेठनं जी नवी वसाहत उठवली तिचं नाव रॉयल मेडोज. यातला रॉयल कोण, हे शेठला विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही. कमान मात्र दांडगी. कमानीवर दोन सिमेंटचे सिंह, त्यातल्या एकाचं तोंड कारागिराच्या हातून मांजरासारखं झालं म्हणून तो जरा भिंतीकडं वळवून बसवलाय. आत घरं अशी, की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. गावातली माणसं त्यांना खुराडी म्हणतात. म्हणजे ज्यांना घेता आली नाहीत ती माणसं.

गल्ल्यांची नावं शेठच्या मेहुण्यानं पुण्यात एसीत बसून काढली. ट्युलिप लेन, ऑर्किड लेन, लॅव्हेंडर लेन. साऱ्या शिवारात झेंडू आणि शेवंती पिकते, दसऱ्याला इथून टेम्पोच्या टेम्पो भरून मार्केटला जातात, पण झेंडूच्या नावाची गल्ली काही निघाली नाही. रोज डोळ्यांपुढं असणाऱ्याला कोण विचारतो!

चौथी गल्ली तेवढी बिननावाची राहिली होती. तिचं नाव ठरवताना जे रामायण झालं, ते अनसाबाईमुळं.

अनसाबाई म्हणजे जालिंदर कोळपेची आई. ज्या माळावर ही वसाहत उभी आहे तो माळ कोळप्यांचा. व्यवहाराच्या वेळी जालिंदरनं एकच हट्ट धरला होता, एका गल्लीला आमच्या घरातलं नाव लागलं पाहिजे. शेठ लगेच हो म्हणाला. नावाला काय सिमेंट लागतं की सळई! कोळप्यांचं घर वसाहतीच्या कुंपणाला लागूनच राहिलं, पुढं वटा, वट्यावर अनसाबाई. सत्तरी ओलांडली असेल, नक्की तिलाही ठाऊक नाही. अंगकाठी वाळल्या शेंगेसारखी, जीभ मात्र हिरव्या मिरचीची. आणि कपाळावर कुंकू, बंद्या रुपयाएवढं.

या कुंकवावरून गावात जेवढं बोललं गेलं तेवढं सरपंचाच्या निवडणुकीवरूनही बोललं गेलं नसेल. कारण ते ज्याच्या नावाचं, तो हरिबा कोळपे बारा-तेरा वर्षांमागं दौंडला गेला तो परत आलाच नाही.

हरिबा धनगर. सारा जन्म मेंढरांच्या मागं गेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर घालायचं, घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. वाटेत कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची. मग कंपन्या आल्या, रानं तारेच्या कुंपणात गेली, जालिंदर कंपनीत लागला, आणि घरातल्या तरण्यांनी ठरवलं की मेंढरं विकायची. हरिबा काहीच बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं अनसाबाई अजून म्हणते. व्यापाऱ्याचा ट्रक दारात आला, मेंढरं चढवली, आणि हा घोंगडं खांद्यावर टाकून मागनं चढला.

"नवख्याच्या हातनं पानी पीत न्हाईत ती. दौंडपातूर सोडून येतो," म्हणाला.

ट्रक दौंडला पोचला. मेंढरं उतरली. स्टेशनाबाहेर हरिबाला चहा पिताना एका ओळखीच्यानं पाहिलं. त्यानंतर कुणीच नाही.

मग काय, गावाला आयतं रान मिळालं. शेजारच्या सरूबाईनं आधी त्याला सोलापुरात दुसरी बायको करून दिली, तिला दोन पोरंही दिली. पुढल्या वर्षी तोच हरिबा तिनं एका मठात नेऊन बसवला, दाढी-जटांसकट. त्या सोलापूरच्या बाईचं आणि पोरांचं पुढं काय झालं, हे विचारलं की सरूबाईला घाईनं चुलीवरचं दूध आठवायचं. कुणाच्या मेहुण्याला हरिबा मनमाडच्या फलाटावर दिसला, कुणाच्या भाच्याला मिरजेत. जालिंदर बिचारा दर वेळी गेला. रजा टाकून गेला, पोलिसांत तक्रार देऊन आला, आणि दर वेळी कुणा भलत्याच म्हाताऱ्याला चहा पाजून परत आला.

अनसाबाईचं म्हणणं या सगळ्यांहून वेगळं. ती म्हणते, माणूस वाट चुकला नाही, वाटच जागेवर राहिली नाही. जिथं पायवाट होती तिथं डांबर, जिथं ओढा होता तिथं नळकांड्यावरचा रस्ता, जिथून आपला माळ दिसायचा तिथं कंपनीची पत्र्याची भिंत. बरं, हे नुसतं तिच्या मनाचं खेळणंही नव्हतं. वसाहतीचं काम चालू होतं तेव्हा तिथं बिहारकडचा एक रखवालदार होता. अनसाबाई त्याला ताक नेऊन द्यायची. एकदा ताक पिता पिता तो सहज म्हणाला, "माताजी, एक बूढ़ा आया था. कंबल लेके. कुछ पूछ रहा था, हमको समझा नहीं. हमने बोला, आगे जाओ."

एवढंच. तो म्हातारा कुणीही असेल. घोंगडी विकणारा असेल, भिक्षेकरी असेल. रखवालदाराला चेहराही धड आठवत नव्हता. पण 'आगे जाओ' हे दोन शब्द अनसाबाईच्या काळजात जे रुतले ते रुतलेच. आला असेल, विचारलं असेल, आणि कुणी त्याला पुढं घालवलं असेल.

तर अशात एका सकाळी जालिंदर मोबाईल नाचवत घरात आला. अनसाबाई मेथी निवडत होती, समोर तिची सून हर्षदा लसूण सोलत होती.

"आई, ही बघ पाटी. काळं ग्रॅनाईट, वर सोनेरी अक्षरं. शेठ म्हणाला, पाटी आपल्याकडनं भेट."

"मला काय दावतूस? अक्षरं दिसत्यात, बोलत न्हाईत माझ्याशी. वाच की गं."

हर्षदानं मोबाईलात डोकावलं, नवऱ्याकडं पाहिलं, पुन्हा मोबाईलात पाहिलं. मग हळूच वाचलं, "कैलासवासी हरिबा धोंडिबा कोळपे पथ."

मेथीची काडी मोडायची थांबली.

"कोण कैलासवासी?"

जालिंदर खांबाकडं बघायला लागला.

"न्हाई, मला कळू दे तरी. तुला कुनी सांगितलं? कैलासावरनं फोन आलता का?"

"आई, तसं न्हाई. रस्त्याला जित्या माणसाचं नाव देत न्हाईत."

"मंग नगा देऊ."

"लोक काय म्हणतील? आन् हरवलेल्याला बारा वर्सं झाली की गावात दर्भाचा माणूस करून जाळत्यात, तेबी आपण केलं न्हाई. तुझ्यासाठनं."

"जाळ की! आधी मला जाळ, मंग दर्भाचं बघ. अगं हर्षदा, ह्यो उद्या माझ्या हातातल्या बांगड्या मोजील."

आता खरं सांगायचं तर जालिंदरचंही काही चुकलं नव्हतं. त्याला बापाची चिता मिळाली नाही, राख मिळाली नाही, भिंतीवर लावायला धड फोटो नाही. जो आहे त्यात हरिबा एका कोकराला धरून उभा आहे आणि फोटोग्राफरनं कोकरूच नीट काढलंय. त्याला कुठंतरी बापाचं नाव लागलेलं बघायचं होतं. तो मोबाईल खिशात घालत म्हणाला, "मला काय हौस हाय व्हय, आई? कुठंतरी थांबावं वाटतंय आता. दर वेळी कुणी म्हातारं दिसलं की गाडी हळू करायची सवय लागलीय मला. मागनं लोक हॉर्न मारत्यात."

पोराला बापाची सय येते हे तिला माहीत होतं, पण गाडी हळू करतो हे माहीत नव्हतं. तिनं मेथीची जुडी बाजूला सारली, बराच वेळ कुंपणापलीकडं पाहिलं, आणि म्हणाली, "नाव मी देते. चिंगीची बसकण."

हर्षदा अशी हसली की लसणाच्या पाकळ्या घरभर झाल्या.

चिंगी ही हरिबाची घोडी. लग्नाला दोनेक वर्षं झालेली, अनसाबाईचे दिवस भरत आलेले, आणि बिऱ्हाड कोकणातून परतत होतं. या माळावर आल्यावर चिंगीनं जी बसकण मारली ती मारलीच. पाठीवर भांडी, घोंगडी, डालग्यात कोंबड्या, वर एक लंगडं कोकरू. हरिबानं दोर ओढला, शिव्या दिल्या, शेवटी गूळ दाखवला. चिंगीनं गूळ खाल्ला आणि पुन्हा डोळे मिटले. तेव्हा हरिबा बायकोकडं बघून म्हणाला, "हिला कळतंय, आपल्याला कळंना. सोड बिऱ्हाड." बिऱ्हाड सुटलं, तीन दगड मांडले, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच जालिंदर झाला. पुढं हरिबानं तोच माळ विकत घेतला. नुसते गोटे होते, कुणी फुकट घेत नव्हतं. लोक म्हणाले, घोडीच्या सांगण्यावरून जमीन घेणारा हा पहिलाच.

धनगरांची जागांना नावं ठेवायची रीतच अशी. तलाठ्याच्या दप्तरात काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. जिथं मेंढीला जुळी झाली ती जुळ्याची दरड, जिथं लांडग्यानं कोकरू नेलं तो लांडग्याचा ओढा. घाटापासून भीमेच्या काठापर्यंत अशी नावं पसरलेली, ती फक्त त्यांच्याच तोंडात. "औंदा मेंढरं कुठं बसवली?" "चिंगीच्या बसकणीला." एवढं म्हटलं की घोंगडंवाल्या प्रत्येकाला कळायचं.

"त्यास्नी ह्या जागंचं एवढंच नाव ठावं हाय," अनसाबाई म्हणाली. "रायल-फियल काय इचारणार हाईत ते?"

शेठनं हे नाव ऐकलं आणि त्याला ठसका लागला. तो म्हणाला, आता त्या गल्लीत लोक राहायला आलेत, त्यांना विचारल्याशिवाय पाटी लावता येणार नाही. मग एका रविवारी वसाहतीच्या क्लब हाऊसमध्ये बैठक भरली. क्लब हाऊस म्हणजे एक हॉल आणि जाळी नसलेलं टेबल टेनिसचं टेबल. त्या टेबलाभोवतीच सगळे बसले. चौथ्या गल्लीची सेक्रेटरी प्रगती मॅडम, लातूरकडची, नवरा रांजणगावच्या कंपनीत. सेक्रेटरी व्हायला बाकी कुणी तयार नव्हतं म्हणून ती झाली होती, पण झाल्यावर तिनं ते फार मनावर घेतलं होतं. गल्लीतल्यांनी मिळून 'रोझवूड' असं नाव काढून ठेवलं होतं. जालिंदर आईला घेऊन आला. हर्षदाही आली, तिला हे चुकवायचं नव्हतं.

"आजी, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," प्रगती मॅडमनं सुरुवात केली, "पण बसकण? माझा मुलगा शाळेत काय सांगणार, मी चिंगीच्या बसकणीत राहतो? पोरं त्याला चिंगी म्हणून चिडवतील."

"चिडवू द्यात की. चिंगी लई गुनाची व्हती. एकदाबी लाथ मारली न्हाई तिनं."

हॉलमध्ये हशा पिकला. कोपऱ्यातला एक चष्मेवाला म्हणाला, "गेस्टना पत्ता सांगताना लाज वाटेल हो."

"तुमच्याकडं पावनं येत्यात व्हय?" अनसाबाई म्हणाली. "मी तर रोज वट्यावर बसते. पिझ्झावाल्याबिगर कोन येताना दिसलं न्हाई."

चष्मेवाल्याची बायको पदराआड हसली. शेठनं घाईघाईनं मध्ये पडून सुचवलं, "असं करू, चिंगी एन्क्लेव्ह. जरा स्टँडर्ड वाटतं. किंवा हरिबा रेसिडेन्सी."

"न्हाई." अनसाबाई उभी राहिली. तिच्यासमोर सगळे शिकलेसवरलेले, कोण कुठून कोण कुठून आलेले. त्यांच्यापुढं काय बोलायचं ते तिनं घरून ठरवून आणलं होतं, ते सगळं आयत्या वेळी पळालं. मग जे समोर होतं तेच ती बोलली. "बाई, तुमच्या मालकांना कंपनीतनं यायला उशीर झाला की तुम्ही गच्चीत येता. फोन कानाला लावता. आत जाता, परत येता. मी बघते. रोज बघते. मला तुमच्यासारखं फोन लावायला नंबर न्हाई. जालिंदरच्या बापाजवळ ह्या जागंचं एकच नाव हाय, घोडी बसली ती जागा. ती हुती तशी काय ठिवली न्हाई आपण. झाड न्हाई, दगड न्हाई, पायवाट न्हाई. नाव तरी ऱ्हाऊ द्या. आलं माणूस, तर त्यानं इचारावं कुनाला आन् काय?"

प्रगती मॅडम पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. तिला वाटत होतं गच्चीतलं आपलं येणंजाणं कुणाला दिसत नाही. मग ती एकदम सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाली, "कागदोपत्री गल्ली क्रमांक चार राहील. पाटीवर आजींनी दिलेलं नाव. हात वर करा." हात वर झाले. चष्मेवाल्याचा होत नव्हता, त्याला बायकोनं कोपर मारलं, झाला.

पाटी लागली तो दिवस काय सांगावा! काळं ग्रॅनाईट, सोनेरी अक्षरं, वर शिवारातला झेंडू. कैलासवासी गेले आणि चिंगी आली. अनसाबाई नवं लुगडं नेसून आली होती. तिनं नारळ फोडला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पाटीचं तोंड मोठ्या रस्त्याकडं आहे ना हे दोनदा विचारून घेतलं. लांबून येणाऱ्याला दिसायला हवं. सरूबाई खोबरं चघळत म्हणाली, "घोडीनं नशीब काढलं बाई. आमच्या म्हशी मेल्या तशाच."

हर्षदा मोबाईलवर फोटो काढत होती. काढता काढता थांबली. तशी ती तोंडाळ, पण हे तिनं आवाज खाली आणून विचारलं, "आत्या, मामांना वाचता येत व्हतं का?"

अनसाबाईच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. तो तसाच राहिला.

हरिबाला वाचता येत नव्हतं. माळ घेताना त्यानं कागदावर अंगठा उठवला होता, आणि शाई जाईपर्यंत दोन दिवस तो अंगठा सगळ्यांना दाखवत फिरला होता. अक्षरांना तो मुंगळे म्हणायचा. इतके दिवस ती पाटीसाठी भांडली, पोराशी भांडली, शेठशी भांडली, साऱ्या गल्लीशी भांडली, आणि ज्याच्यासाठी पाटी तो तिच्याखाली घोंगडं अंथरून बसला असता तरी त्याला कळलं नसतं की आपण पोचलो.

ती आधी हसली. मग रस्त्याच्या कडेच्या फरशीवर टेकली, आणि तोंडात पदर धरला.

"आई, जाऊ दे. पाटी तर झाली ना," जालिंदर म्हणाला.

"गप ऱ्हा जरा," अनसाबाई म्हणाली. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं. "त्यो वाचनार न्हाई. त्यो इचारनार. त्या हिंदीवाल्याला इचारलं तसं. म्हंजी पाटीवर असून उपेग न्हाई. तोंडात पायजे."

आणि त्या दिवसापासून अनसाबाईनं नाव तोंडात घालायचं काम हाती घेतलं. गल्लीत पार्सल घेऊन येणारी पोरं वट्यापाशी थांबून लेन फोर विचारायची. "असली लेन हितं न्हाई," अनसाबाई म्हणायची. "चिंगीची बसकण म्हन, मंग दावते." तीन-चार वेळा चकवा खाल्ल्यावर पोरं लांबूनच ओरडायला लागली, "आजी, चिंगीची बसकण!" किराणावाला, दूधवाला, गेटवरचा नवा रखवालदार, सगळ्यांना तिनं घोकून घेतलं. रखवालदाराला तर तिनं बजावलं, "कोनी म्हातारं आलं आन् हे नाव घेतलं, तर म्होरं जा म्हनायचं न्हाई. बसवायचं. पानी द्यायचं. मला हाक मारायची."

पण तिची खरी करामत सरूबाईच्या बाबतीत. एकदा तिनं सरूबाईला बाजूला घेतलं. "सरू, चिंगीच्या बसकणीला सिनेमातला एकजन गुपचूप घर बघून गेला म्हनं. कुनाला बोलू नगंस हां."

झालं. दुपारी कारेगावात, संध्याकाळी रांजणगावात, दुसऱ्या दिवशी शिरूरच्या बाजारात नाव. कोण तो नट, यावर तीन मतं पडली. एका रिक्षावाल्यानं तर त्याला स्वतः सोडल्याचं सांगितलं. सुट्टीच्या दिवशी कारेगावची पोरं मोटारसायकलवर चिंगीची बसकण विचारत आली आणि पाटीपुढं फोटो काढून गेली. सरूबाईच्या जिभेचा असा धर्मादाय वापर याआधी कुणी केला नव्हता.

तरी अनसाबाईचं मन भरेना. एके दिवशी भाकरी थापता थापता ती हर्षदाला म्हणाली, "हितं समद्यांना ठावं झालं. पर जो हितवर आला, त्यो आलाच की. जिथनं वाट सुटली तिथल्यांना कुठं ठावं हाय?"

"कुठनं सुटली, आत्या?"

"दौंडातनं."

हरिबा गेल्यापासून अनसाबाई दौंडला गेली नव्हती. भाचीचं लग्न दौंडच्या रेल्वे कॉलनीत झालं, तिनं गुडघ्याचं कारण सांगितलं. मूल झालं, बाळंतविडा जालिंदरच्या हाती पाठवला. त्या गावाचं नाव निघालं की ती उठून आत जायची. दौंडनं माणूस खाल्लं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हर्षदा म्हणाली, मी येते. जालिंदर म्हणाला, रविवारी गाडीनं जाऊ. ती कुणालाच नको म्हणाली. "तुम्ही असला की म्हातारी दमली, म्हातारी दमली करून माघारी आनाल."

एसटीनं शिरूर, तिथून न्हावऱ्याच्या अंगानं जाणारी, सीटा भरल्या की सुटणारी वडापची जीप. भीमेचा पूल आला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते की पदर सारखा करत होती, शेजारच्या बाईला नीट सांगता यायचं नाही.

दौंड स्टेशनाबाहेर ही गर्दी. पुण्याहून गाडी नुकतीच आली होती, माणसं बाहेर पडत होती. पेरूवाले, चहाच्या टपऱ्या, रिक्षा, आणि त्यांच्या पलीकडं रांगेनं उभ्या वडापच्या जीपा. पहिल्या जीपच्या बॉनेटला टेकून ड्रायव्हर ओरडत होता, "चला न्हावरा, शिरूर, रांजणगाव! न्हावरा, शिरूर!" त्याला सगळे गोकुळ म्हणत होते. गळ्यात रुमाल, आवाज लग्नातल्या बँडसारखा.

अनसाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"या मावशी, पुढची सीट तुमची."

"सीट ऱ्हाऊ दे. चिंगीची बसकण ठावी हाय का?"

"कुणाची बसकण?" गोकुळ मागं वळून बाकीच्या ड्रायव्हरांकडं बघून हसला. "मावशी, जीपमधी जागा हाय, तुम्हीच मारा की बसकण."

"दात काय काढतूस! कारेगावच्या म्होरं हाय. कमानीवर दोन सिंह हाईत, एक मांजरासारका."

"मग रॉयल मेडोज म्हणा की. तिथं सिनेमावाला ऱ्हातो त्येच ना?"

अनसाबाईला भर उन्हात हसू फुटलं. सरूबाई दौंडपर्यंत पोचली होती, पण नाव वाटेत सांडून आली होती.

"त्येच. पर त्याचं खरं नाव चिंगीची बसकण. एखादं म्हातारं आलं आन् ह्या नावानं इचारलं, तर त्याला नेशील का?"

"कोण म्हातारं?"

"घोंगडं असतंय खांद्यावर. कानात बाळी. बोलतंय कमी. चहा मातुर लई लागतो." ती थांबली. "हितंच पिलाता शेवटचा. मेंढरं सोडाय आलतं."

गोकुळचं हसणं कमी झालं. "कवा?"

"लई वर्सं झाली."

"नाव काय त्यांचं?"

आता आली का पंचाईत! उभ्या जन्मात अनसाबाईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा ती नुसती लाजून पळाली होती. तिनं आजूबाजूला पाहिलं, पण हर्षदा नव्हती, जालिंदर नव्हता, तिच्याऐवजी सांगायला कुणीच नव्हतं. चहावाला थांबून ऐकत होता. जीपमध्ये बसलेली माणसंही माना वळवून बघत होती.

"पोराचं नाव जालिंदर हाय," ती म्हणाली.

"पोराचं न्हाई मावशी, म्हाताऱ्याचं."

"त्यास्नी नावानं कोन वळखनार हितं? तू त्यांचं नाव नगं घेऊ. तू जागंचं घे. इतकी गावं वरडतूस, त्यात एक आनिक वरड."

गोकुळनं रुमाल सोडला, तोंड पुसलं, पुन्हा बांधला. दिवसाकाठी शंभर माणसं त्याच्याशी हुज्जत घालायची, पण असलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. तो बॉनेटवर चढून बसला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि आवाज सोडला, "चला न्हावरा, शिरूर, रांजणगाव, चिंगीची बसकण! चिंगीची बसकण, चला!"

टपरीवरची माणसं हसली. एक पोलीस वळून बघून गेला. अनसाबाईनं मात्र गोकुळकडं पाहिलंच नाही. तिचे डोळे स्टेशनच्या दारावर. त्या दारातून एक म्हातारा बाहेर आला, हातात पिशवी, खांद्यावर टॉवेल. तो नव्हता. दुसरा आला, काठीवाला. तो कुणाचा तरी हात धरून रिक्षाकडं वळला. गाडीची गर्दी हळूहळू आटली.

"मावशी, जीप भरली. येताय ना?"

"तू हो म्होरं."

"अवो, पुन्हा जागा मिळायची न्हाई. कुठवर उभ्या ऱ्हाताल?"

"आजून एक गाडी येनार हाय म्हनं, सोलापूरकडनं. तेवढी बघते."

गोकुळ गाडीत बसला. किल्ली फिरवण्याआधी त्यानं मान बाहेर काढून मागच्या जीपवाल्याला काहीतरी सांगितलं, अनसाबाईकडं बोट केलं, आणि गेला. मागची जीप पुढं आली. तिचा ड्रायव्हर उतरला, पान थुंकला, म्हातारीला एकदा नीट न्याहाळलं.

"न्हावरा, शिरूर, रांजणगाव," त्यानं सुरू केलं, जरा अडखळला, आणि मग मोठ्यानं म्हणाला, "चिंगीची बसकण!"

अनसाबाईनं चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर अंग टेकलं. चहावाल्याला दोन चहा सांगितले. एक आपल्यापुढं घेतला, दुसऱ्यावर बशी झाकली, आणि ती दाराकडं तोंड करून बसून राहिली.